ड्युटीच्या कपड्यांची गोधडी

आपल्या भजनी मंडळातल्या बायांनो, दुपारी अंबाजोगाईला रिपोर्ट मिळाला. माझ्या फुफ्फुसाच्या आवरणाला कॅन्सर झालाय, ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं.

डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, सिमेंट पत्र्याच्या कारखान्यात होतात का?"

"मी न्हाई, हे होते तिथं कामाला. मी नुसती त्यांचे ड्युटीचे कपडे धुवायच्या आधी झटकायची. साबण कमी लागतो म्हणून."

शेजारी बसलेल्या ह्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

डॉक्टर म्हणाले, "तसले कपडे घरात असतील तर झटकू नका. ओले करून पिशवीत बांधा."

एसटीत जपमाळ हातात होती, पण देवाचं नाव ओठावर येईना. तेवढ्यात आठवलं. त्याच कपड्यांची गोधडी शिवून मी लेकीला बाळंतपणात दिलीय.

उतरल्या उतरल्या फोन लावला. "ती गोधडी झटकू नको, ओली करून पिशवीत बांध."

"कावून गं आई? तिच्याबिगर तुझी नात झोपत न्हाई."

"लई जुनी झाली. नवी देते," एवढंच बोलले.

आता लुगडी काढून नवी शिवायला बसलेय. सुईत दोरा जाईना. बायांनो, लेकीला खरं कसं सांगू?