शाळेच्या छपरावरची वीज

आमच्या जुव्यावरच्या वीज सोसायटीची मी अध्यक्ष आहे, आणि हे सांगताना मला जरासुद्धा संकोच वाटत नाही. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. वीस-बावीस घरं, माड, एक देऊळ, एक क्रूस आणि एक शाळा. त्या शाळेत मी आयुष्यभर शिकवलं. मुलं संपली, शाळा बंद पडली, मी निवृत्त झाले, पण लोकांच्या तोंडी 'बाई' राहिले ती राहिलेच.

पलतडीहून, म्हणजे खाडीच्या पलीकडच्या काठावरून, येणारी विजेची तार एका वादळात खाडीत पडली. नवी घालायची तर खाडीत खांब उभे करायला हवे होते, त्याला वेळ लागणार होता. आम्ही कंदिलाच्या काचा पुसत बसलो. मी तेव्हाच ठरवलं की आता कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. घरोघर फिरून सभासद केले, तालुक्याला हेलपाटे घातले, आणि बंद शाळेच्या छपरावर सोलर पॅनेलं चढवली. पहिलीच्या वर्गात बॅटऱ्या बसल्या. सगळेच मालक झाल्यामुळे तक्रार करायला बाहेरचं कुणी उरलं नाही, ही मोठीच सोय झाली.

सगळ्यात आधी सभासद झाली ती आमच्या शेजारची काकी. तिचा नवरा समुद्रात गेला तेव्हापासून ती मासळी विकून घर चालवते. माणसं "बघूया, करूया" म्हणत होती तेव्हा हिने अंगठ्याला शाई लावून घेतली आणि वर एक मोठा फ्रीजर आणला. होड्या भरून आल्या की मासळी साठवायची आणि बाजारात टंचाई पडली की काढायची, असा तिचा हिशेब. तिचं सगळं पोट त्या पांढऱ्या पेटीत होतं, आणि ती पेटी माझ्या शब्दावर चालत होती.

पलतडीच्या कट्टा गावाहून आलेल्या मिस्त्रीने पॅनेलं बसवताना मला बजावलं होतं, की दर आठवड्याला ती गोड्या पाण्याने धुवायची. मी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. जुव्यावर गोड्या पाण्याची विहीर एकच, बाकीच्या सगळ्या खारट. उन्हाळ्यात माणशी एक कळशी मिळते. गोड्या पाण्याने पाय धुताना दिसली म्हणून मी पोरांना उन्हात उभं केलेलं आहे. आणि हा गृहस्थ मला तेच पाणी छपरावर ओतायला सांगत होता! मी फर्मान काढलं: पॅनेलं धुवायची ती शाळेमागच्या खारट विहिरीच्या पाण्याने. लोकांनी माना डोलावल्या. जुव्यावरचं कुठलंही माणूस हेच म्हणालं असतं. आळीपाळीने एकेक घर छपरावर चढे आणि बादल्या ओतून खाली उतरे. मी खालून देखरेख करी.

पावसाळाभर सगळं झकास चाललं. दिवाळीनंतर कुरबुरी सुरू झाल्या, आणि शिमग्याच्या सुमाराला काकीचा फ्रीजर रोज सकाळी बंद सापडायला लागला. बॅटऱ्या दिवसभरात भरतच नव्हत्या. मी लोकांना दिवे कमी लावायला सांगितलं, पंखे बंद करायला लावले, दोन घरांशी भांडले. एका सकाळी काकीने मला तिच्या पडवीत नेलं. फ्रीजरखाली पाण्याचं थारोळं होतं आणि आत मऊ पडलेली सुरमई.

"बाई, तुमच्यावर माझो राग नाय," ती म्हणाली. "पण आयतवारी मी ह्यो पलतडीक व्हरतंय, भयणीकडे."

ती फ्रीजर घेऊन पलतडीला गेली की दुसरा जाईल, मग तिसरा, आणि सोसायटीचा नुसता बोर्ड उरेल, हे मला कळत होतं. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की ती रागावली नव्हती.

शनिवारी दुपारी शिडी लावून मी स्वतः छपरावर चढले. या वयात चढू नये असं मुलगा फोनवर सांगतो, म्हणून त्याला कळवलं नाही. वर जाऊन बघते तो पॅनेलांवर पांढरट पापुद्रा. ओल्या फडक्याने घाईत पुसलेला फळा वाळल्यावर दिसतो तसा. बादली जिथे जिथे ओतली होती, तिथून खाली पांढरे ओघळ उतरले होते. बोट फिरवून जिभेला लावलं. मीठ.

खाऱ्या वाऱ्याचं असेल, असं मी क्षणभर स्वतःला समजावलं. पण वारा ओघळ काढत नाही. पिशवीतल्या बाटलीतलं प्यायचं पाणी एका पॅनेलवर ओतलं आणि पदराने खसाखसा पुसलं. ते काळंनिळं चकाकायला लागलं. शेजारची पॅनेलं त्याच्यापुढे आजारी दिसत होती. पावसाने चार महिने पॅनेलं धुऊन माझी अक्कल झाकली होती, इतकंच. माझी मला भयंकर लाज वाटली.

रविवारी पलतडीच्या चर्चमधली मिसा आटोपून आमची होडी धक्क्याला लागली तेव्हा चौघे जण फ्रीजर दुसऱ्या होडीत चढवून दोर आवळत होते. काकी बाजूला उभी होती. अर्धा जुवा जमला होता. खाऱ्या वाऱ्यावर ढकललं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पाद्रीबाबांसमोर पाप कबूल करताना मध्ये जाळी तरी असते, धक्क्यावर ती सोय नव्हती.

मी जोरात बोलले, वर्गात बोलायची तशी. मिस्त्रीने काय सांगितलं होतं, मी काय केलं आणि छपरावर काय बघितलं, सगळं सांगितलं. "मी चुकले," म्हटलं. हे शब्द माझ्या तोंडून जुव्याने पहिल्यांदाच ऐकले असावेत, कारण दोर आवळणारे हात थांबले.

काकीने विचारलं, आठवड्याला किती पाणी लागेल. मी सहा कळश्या म्हटलं. भर उन्हाळ्यात सहा कळश्या गोडं पाणी! मागे कुणीतरी कुरकुरलं. काकी फ्रीजरकडे वळली.

"उतरवा रे तो," ती म्हणाली. "पयली कळशी माझी."

त्याच दिवशी तिने कळशी आणली. तिच्यामागून आणखी पाच घरांतून पाच आल्या. मी फडकं घेऊन छपरावर चढले, कारण चूक माझी होती. काकी खाली अंगणात कमरेवर हात ठेवून उभी राहिली, नेमकी जिथे मी उभी राहायची तिथे. मी एकेक पॅनेल धूत गेले. शेवटचं पुसून शिडीकडे वळले, तोच खालून आवाज आला.

"बाई, तो कोपरो रवलो."

मी मागे फिरले आणि तो कोपरा पुसला.