आधी पडदा, मग दिवा

लग्न होऊन दर्शना कल्याणच्या चाळीत आली, त्या पहिल्याच संध्याकाळी सासरे तिच्या नजरेत भरले. अंधारून आलं म्हणून तिने बटणाकडे हात नेला, तर सीताराम ओव्हाळ चटकन उठले. "थांब पोरी. आधी पडदा, मग दिवा." त्यांनी पडदा कडेपर्यंत नीट ओढला आणि मग स्वतःच बटण दाबलं. या घरची रीत असेल, असं समजून दर्शनाही पुढे कित्येक वर्षं तसंच करत राहिली.

कारण तिला फार उशिरा कळलं. सीताराम दिवसा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लेथवर असत आणि संध्याकाळी खाकी चढवून होमगार्डच्या कामावर. पासष्ट आणि एकाहत्तरच्या लढायांत शत्रूची विमानं येतील म्हणून ब्लॅकआउट असे. तेव्हा गल्लोगल्ली शिट्टी मारून दिवे बंद करायला लावायचे, हे त्यांचं काम. "बॉर्डरवर होता ना?" असं कुणी विचारलं की त्यांची बायको मालन हसायची. "बॉर्डर कसली! कल्याणच्या रामबागेच्या पुढं गेले नाहीत कधी."

मालन गेली आणि मुलगा राजरत्न दर्शनाला नि वडिलांना घेऊन घोडबंदर रोडवर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आला. दहावा मजला, भिंतभर काच. समोरचे टॉवर उजळले की अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सीतारामांचा जीव कासावीस व्हायचा. "एवढे दिवे! या भागाची ड्यूटी कोणाकडे आहे?" म्हणत ते बाल्कनीत जाऊन शिट्टी फुंकायचे. ते कुठल्या सालात आहेत, ते दर्शनाला कळेना. कारण पुढच्याच मिनिटाला ते शांतपणे विचारायचे, "वायफाय गेलंय का गं?"

एक दिवस सोसायटीच्या सेक्रेटरी आसावरी घरी आल्या. "दर्शनाताई, माझ्या नवऱ्याची मीटिंग चालू असते हो. काल शिट्टी ऐकून क्लायंट विचारतो, घरात मॅच आहे का?"

"होमगार्डमध्ये होते ना, म्हणून..."

"मिलिटरीवाले? आधी सांगायचं ना! सव्वीस जानेवारीला सत्कार करू."

"मिलिटरी नाही हो, होमगार्ड."

"तेच ते. युनिफॉर्ममध्ये आणा."

राजरत्नला मात्र सत्काराचं काही वाटलं नाही. "मालकाचा फोन आला होता. आणखी एक तक्रार आली तर घर सोडा म्हणाला. मग बाबांना बदलापूरच्या आश्रमात ठेवावं लागेल."

सव्वीस जानेवारीला शिट्टी लपवावी, असं दर्शनाच्या मनात होतं. पण शिट्टीशिवाय खाकी घालणार नाही, असा सीतारामांनी हट्टच धरला.

संध्याकाळी हिरवळीवर कार्यक्रम होता. "सीमेवर लढलेले आपले वीर," असं आसावरींनी जाहीर केलं. सीतारामांनी माईक हातात घेतला. "मी लढलो नाही. दिवे विझवले." लोक गोंधळले, काहींनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात त्यांची नजर स्टेजभर लावलेल्या माळांवर गेली. त्यांनी शिट्टी फुंकली. "दिवे बंद!"

लायटिंगवाल्या मारुतीला वाटलं, कार्यक्रमातलंच असेल. त्याने मेन स्विच पाडला.

अंधार झाला. राजरत्नने कपाळाला हात लावला. आता संपलं, असं दर्शनाला वाटलं. पण अंधारातून सासऱ्यांचा आवाज आला, तो अगदी स्थिर. "घाबरू नका. एकटं कोण आहे? आजारी कोण आहे? आवाज द्या."

कुणी हसलं. मग मागच्या खुर्चीवरून उत्तर आलं, "मी हाय. एकटीच हाय." पहिल्या मजल्यावरच्या बिट्रिस आजी.

त्या गंमत करत होत्या की खरंच सांगत होत्या, हे दर्शनाला आजही कळलेलं नाही. खुर्च्या चाचपत सीताराम त्यांच्यापर्यंत पोहोचले आणि दंड पुढे केला. "चला बाई, घरी सोडतो."

दिवे आले तेव्हा दोघं लिफ्टपाशी होती.

"हे कार्यक्रमात होतं का हो?" आसावरींनी विचारलं.

"काय माहीत," दर्शना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या सुमारास बिट्रिस आजी काठी टेकत दहाव्या मजल्यावर आल्या. "आज आले नाय ते?" दर्शनाकडून बदलापूरचं ऐकल्यावर त्या तिथूनच आसावरींच्या दारात गेल्या. "कोण तक्रार करतंय त्याची? माझ्याकडे पाठव." तक्रार परत आली नाही, कारण शिट्टीच थांबली होती.

सीताराम आता रोज दिवेलागणीला पहिल्या मजल्यावर उतरतात, बिट्रिसच्या खिडकीचा पडदा ओढतात, दिवा लावतात आणि चहा पिऊन वर येतात.