ओला चमचा

आमच्या दाजींइतका पावडरीला जपणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात झालेला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. पावडर म्हणजे तोंडाला फासायची नव्हे. दाजी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे, यजमान, पिरंगुटजवळच्या एका कारखान्याच्या गोदामात कामाला आहेत. तिथे मॅग्नेशियमच्या क्षाराची पांढरी पावडर तयार होते. पायात गोळे येतात म्हणून लोक ती डॉक्टरांना विचारून पाण्यातून घेतात. इतकी गरीब पावडर, की अंगावर सांडली तर झटकायची आणि चालू लागायचं. पण दाजी तिच्यापुढे असे उभे राहतात, की वाघ सांभाळायला दिलाय असं वाटावं. तोंडाला मास्क, हातात मोजे, डोळ्यांवर कानापर्यंत पोचणारा सेफ्टी गॉगल! मी एकदा म्हटलं, "दाजी, एवढ्या साध्या वस्तूसाठी एवढा थाट?" तर गॉगल कपाळावर सरकवून म्हणाले, "पाव्हणं, ॲसिडला समदी भित्यात. त्याला कोन हात लावतंय? गरीब वस्तूपाशीच मानूस गाफील ऱ्हातो. तिलाच जपाय लागतंय."

बरं, हे सगळं त्यांनी गोदामातच ठेवलं असतं तर आमची काही तक्रार नव्हती. पण दाजी ते रोज कोळवणला घरी घेऊन येतात. आता कोळवणची हवा काय सांगावी! पावसाळ्यात तिथे पापड ताटात ठेवला की जेवण सुरू व्हायच्या आत मान टाकतो. या ओलीशी दाजींनी उभा दावा मांडलेला आहे. घरातला एकही डबा भिंतीला टेकलेला चालत नाही, जमिनीवर ठेवलेला चालत नाही, आणि त्याच्यावर ऊन आलेलं तर मुळीच चालत नाही. बेसन, साखर, तिखट अशी सगळी मंडळी लाकडी फळीवर देवासारखी बसलेली असतात, आणि झाकणं इतकी घट्ट, की चहा करायचा झाला तर अक्का आधी पदर खोचतात. एकदा आमच्या नांदे गावातल्या फ्लॅटवर आम्ही चार मोठी माणसं कॅरम खेळत होतो. मी बोर्डावर चिमूटभर पावडर टाकली आणि दाजी ओरडले, "उठा समदी!" आमच्या हातातले भज्यांचे कागद काढून घेतले, कारण पावडर असेल तिथं खायचं-प्यायचं नाही. मग खिडक्या उघडल्या. कोरडं झाडलं तर भुकटी उडते, म्हणून ओलं फडकं घेऊन अख्खा बोर्ड पुसून काढला. सोंगट्या जागच्या हलेनात. राणी मधोमध जी चिकटली, ती आम्ही चमच्यानं सोडवली.

या सगळ्याला आम्ही हसत होतो ते सोनलला बघायला पाहुणे आले त्या दिवसापर्यंत. सोनल म्हणजे दाजींची एकुलती एक लेक. पौडच्या शाळेत शिकवते, आणि वर्गाबाहेर दिवसभरात दोन वाक्यं बोलली तर पुष्कळ. मुलगा हिंजवडीत नोकरीला. दोघं आधी भेटली होती, एकमेकांना आवडलीही होती. फक्त मोठ्यांनी मान डोलवायची बाकी होती. अक्कांनी दाजींना दम भरला होता, "आज डब्याबिब्याचं नाव काढू नगा." दाजी बिचारे पोह्यांपर्यंत गप्प बसले. मग चहा आला. मुलाच्या वडलांना गोड जास्त लागायचं. त्यांनी कप ढवळला आणि तोच चमचा, तसाच ओला, साखरेच्या डब्याकडे नेला.

"ओला चमचा!" दाजींनी झेप घेऊन त्यांचं मनगटच धरलं.

"आवं, सोडा! व्याही हायेत ते!" अक्का किंचाळल्या. दाजींनी मनगट सोडलं, पण चमचा ठेवून घेतला. मग कोरडा चमचा त्यांच्या हाती देऊन, एका थेंबानं अख्ख्या डब्याचा दगड कसा होतो ते व्यवस्थित समजावून सांगितलं. पाहुण्यांनी चहा तसाच ठेवला. "कळवतो," म्हणाले आणि गाडीत बसले. कळवतो म्हणजे काय ते लग्नाच्या वयाची मुलगी घरात असलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

सोनलनं कपबशा उचलल्या. ती कप विसळत बसली. तिनं आदळआपट केली असती तर दाजींना बरं वाटलं असतं. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा साखरेचा डबा उघडा पडला होता. दाजींनी तो पाहिला आणि तसेच पुढे निघून गेले. मीच उठून झाकण लावलं.

तेवढ्यात अक्कांचा फोन वाजला. मुलाची आई होती. "जरा व्याह्यांना द्या," म्हणाल्या. अक्कांनी स्पीकर लावून फोन दिला, आणि दाजी तो हातात धरून चोरासारखे उभे राहिले.

"अहो, लग्न होऊन आले तेव्हापासून मी या माणसाला ओल्या चमच्यासाठी ओरडतेय," बाई म्हणाल्या. "ऐकेल तर शपथ! तुम्ही ओरडलात तेव्हापासून बघा, चमचा पुसून घेतात. रुसले होते, म्हणून फोनला उशीर झाला. सोनल आम्हाला पसंत होतीच. आता तुम्हीही पसंत आहात."

दाजींनी फोन ठेवला, सरळ साखरेच्या डब्याकडे गेले, झाकण दाबून बघितलं आणि माझ्यावर खेकसले, "ह्ये कुनी लावलंय? तिरकं हाय!" आत सोनल मोठ्यानं हसत होती. मी तिला इतकं मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

लग्नात दाजी गॉगल लावून उभे राहिले. अक्षतांना कुंकू चोळलेलं असतं, भुकटी उडणार, हे त्यांचं म्हणणं. फोटोवाला रडकुंडीला आला, अख्खा मांडव हसून हसून लोळला, पण गॉगल काही उतरला नाही. सोनल निघाली तेव्हाही तो डोळ्यांवरच होता. जावयाला दाजी हलक्या आवाजात म्हणाले, "लई गरीब हाय वो ती." सोनलनं गाडीची काच खाली करून वडलांचा हात धरला. "दादा, रात्रीच्या गोळ्या खिडकीत ठेवू नका. ओल लागते," म्हणाली.

गाडी वळणाआड गेली तरी दाजी रस्त्यातच उभे होते. मी जवळ गेलो. गॉगल आतून पार धूसर झाला होता.

"पाव्हणं, ह्येच्यात पानी कुटनं शिरलं काय कळंना," ते म्हणाले. "कंपनीचा माल, पर नीट बसत न्हाई."

मी खिशातला रुमाल काढून पुढे केला. त्यांनी तो घेण्याआधी सवयीनं विचारलं, "कोरडा हाय न्हवं?"

नव्हता.