रुईच्या पानाखाली

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा उस्मानाबादहून बदलून आलेला एक कारकून माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. कागदसुद्धा पेन्सिलीच्या टोकानं उचलून आधी खालून बघायचा. त्याला फुलपाखरांचा नाद; ती अंडी पानाखाली घालतात, त्यातून लागलेली सवय. सुट्टीला मला जवळच्या एका गावच्या शिवारात ओढून न्यायचा. फक्त रुईच खाणारी पट्ट्यापट्ट्यांची अळी दिसली की कुजबुजायचा, "बसलाय बघा राजा. खायलाय."

दुष्काळात रुईच तेवढी हिरवी राहिली. मग पावसासाठी गावानं वेशीवरच्या मारुतीला रुईच्या माळा घालून घालून झुडपं ओरबाडून काढली. एका रविवारी उघड्या फांदीवर अळ्या सापडल्या. त्या तळहातावर घेऊन तो मारुतीपाशी आला आणि माळेतलं एक पान तोडायला गेला.

"साहेब, राहू द्या," रिकामी घागर घेतलेली बाई म्हणाली. "माझा नवस हाय त्यो."

त्याचा हात खाली आला. त्यानं अळ्या माळेवरच सोडल्या.

पुढच्या रविवारी गावात रुईच उरली नव्हती, म्हणून तीच माळ देवाच्या गळ्यात वाळून काळी पडली होती. तो पेन्सिलीनं एकेक पान उचलून खालून बघत गेला. शेवटच्या पानाखालीही काही नव्हतं. त्यानं पुन्हा पहिलं पान उचललं.