सुखदेवचं अर्धं दुकान

“वकीलसाहेब, तुमचा माणूस निर्धन आहे की दुकानदार?”

जज्जसाहेबांनी तलाठ्याचा रिपोर्ट माझ्याकडे दिला. त्यात लिहिलं होतं, अर्जदाराचा भावाच्या किराणा दुकानात अर्धा हिस्सा आहे. खाली सुखदेवची डाव्या हाताने केलेली वाकडी सही.

सुखदेव मोताळा तालुक्यातला मजूर. मळणी यंत्रात त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. अपघात विम्यात अपंगत्वाचा लाभ होता. कंपनीने तो नाकारला आणि खालच्या कोर्टात आम्ही हरलो. बुलढाण्याला अपील करायचं तर आधी कोर्ट फी. ती भरायची ऐपत नसेल तर निर्धन म्हणून माफीचा अर्ज करता येतो. मग तलाठी गावात जाऊन चौकशी करतो. तिथेच माशी शिंकली.

व्हरांड्यात मी त्याला चार लोकांत झापलं. “दुकान भावाचं आहे. तुझा हिस्सा आला कुठून?”

“तलाठी आले तवा घरी पाव्हणे बसेल होते साहेब. प्रज्ञाले पाहाले आलते. त्यायच्यासमोर आपल्याजवळ काहीच नाही, असं कसं सांगू?”

प्रज्ञा त्याची मुलगी. बापाला हात नाही म्हणून केसची फाइल तीच सांभाळायची. ती शेजारीच उभी होती.

“गावातले दोन साक्षीदार आण. हिस्सा नाही एवढं सांगू देत.”

“मंग गावभर होईन साहेब. सोयरीक मोडन.”

साक्षीदार आले नाहीत. अर्ज नामंजूर झाला. फी भरायला महिन्याची मुदत मिळाली.

शेवटच्या दिवशी बापलेक आले. लग्नासाठी जपून ठेवलेलं सोनं मोडलं होतं. लग्न पुढच्या वर्षी करू, असा निरोप पाव्हण्यांना गेला, तर त्यांनी दुसरी मुलगी बघितली. सुखदेवने हे पीकपाण्याचं बोलावं तसं सांगितलं. फी भरली, अपील दाखल झालं.

पावती देताना खिडकीमागचा क्लार्क सहज म्हणाला, “यांच्याकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे ना? मग विधी सेवेत अर्ज करायचा होता. फी लागलीच नसती. तिथे अपंगाचं उत्पन्न बघत नाहीत, तलाठीही गावात जात नाही.”

विधी सेवा म्हणजे मोफत कायदेशीर मदतीचं सरकारी ऑफिस. ते आमच्या कोर्टाच्या आवारातच आहे.

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. “हे पहिलेच काऊन नाही सांगतलं सर?”

“लक्षात आलं नाही,” मी म्हणालो.

लक्षात होतं. पण तिथे वकील तेच नेमून देतात. इतकी वर्षं लढवलेली केस दुसऱ्याच्या हातात गेली असती, आणि मला ती स्वतः जिंकायची होती. सुखदेव मुलीसाठी खोटं बोलला, ते रिपोर्टमध्ये आलं आणि वर त्याने माझी बोलणी खाल्ली. माझं खोटं कुठेच लिहिलं गेलं नाही.

अपील अजून चालू आहे. तारखेला प्रज्ञा फाइल घेऊन येते, नमस्कार करते. मला तिच्या नजरेला नजर देववत नाही.

आता अपंग अशील आला की मी त्याला आधी त्या ऑफिसचा रस्ता दाखवतो. बऱ्याच केसेस हातच्या जातात. जाऊ देत.