भुसभुशीत रान

"रान लई भुसभुशीत हाय, साहेब. चाक रुतंल."

तो माणूस फोनवर बोलत होता. पांढरे बूट, पांढरी पँट, गळ्यात पक्षाचं उपरणं. आमच्या शेताच्या मधोमध उभा राहून तो टाचेने जमीन दाबत होता आणि बूट आत गेला की तोंड वाकडं करत होता. मी आईबरोबर बांधावर होते. 'भुसभुशीत' ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. आमच्याकडे रानाचं याहून मोठं कौतुक कोणी करत नाही. मग तो फोनवर पुढे म्हणाला, "रोलर फिरवावा लागंल, पानी मारून. वरून मुरूम."

तो दोष सांगत होता.

आमचं गाव लोह्याच्या पुढे, नांदेडहून लातूरला जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला. विधानसभेच्या निवडणुकीचे दिवस होते. सोयाबीन निघालं होतं, हरभरा पेरायचा होता. रानं अशी मोकळी दिसली की आमच्या भागात त्यात एक तर मेंढ्या बसतात, नाहीतर सभा. मेंढ्या निदान लेंड्या टाकून जातात.

पक्षाचे मोठे साहेब प्रचाराला येणार होते आणि हेलिकॉप्टरने येणार होते. रस्त्याने यायला कुणाची हरकत नव्हती, पण तो रस्ता त्यांच्याच कारकिर्दीत झालेला. त्यावरून जायची जोखीम त्यांनी घेतली नसावी.

हेलिकॉप्टर उतरायला जागा काकांनी देऊ केली. काका म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. गावात या पक्षाचं काम तेच बघतात. मागच्या खेपेला समोरच्या पक्षाचं बघत होते, आणि तेव्हाही तितक्याच तळमळीने. वाटणी झाल्यापासून काका फार काटेकोर बोलतात. तुमची शेळी आमच्या रानात आली, तुमच्या बाभळीची सावली आमच्या तुरीवर पडून राहिली. पण लोह्याच्या प्रचार कार्यालयात साहेबांच्या माणसांपुढे ते छाती काढून म्हणाले, "आमचं रान हाय की रस्त्याला. लागंल तेवढं घ्या." आणि 'आमचं' म्हणून त्यांनी जे दिलं, ते आमच्या वाट्याचं.

हे आम्हाला कळलं ते पांढऱ्या बुटांवाला पाहणीला आला तेव्हा.

त्या रानाबद्दल थोडं सांगायला हवं. मी नांदेडला इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, आणि सुट्टीत गावी आले की माझ्या मराठीला बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. दोन्हीकडे गप्प बसणं सोयीचं होतं, तीच सवय पडली. पुढे लातूरला शेतीचं शिकून घरी आले, तेव्हा हे रान मेल्यासारखं होतं. पाऊस पडला की पाणी वर तुंबायचं, उघडीप झाली की पापुद्रा धरायचा. नांगरलं की डोक्याएवढी ढेकळं निघायची आणि ती फोडायला पुन्हा ट्रॅक्टर लागायचा.

आई आणि मी काही वर्षं एवढंच केलं: सोयाबीनचं भुसकट जाळलं नाही, रानातच पसरलं. शेणखत घातलं. हिरवं खत म्हणून ताग पेरला आणि फुलावर आला की मातीत गाडून टाकला. आणि वापसा आल्याशिवाय, म्हणजे पावसानंतर माती पुरती निथळून मोकळी होईपर्यंत, रानात चाक जाऊ दिलं नाही. येणारे-जाणारे रस्त्यावरून ओरडायचे, "मॅडम रानाला जेवू घालून राहिल्या! पापड-लोणचं वाढलं का न्हाई?" काकांचा आवाज त्यात सगळ्यात मोठा. मी वर बघत नसे. मग एका पावसाळ्यात पाणी तुंबलंच नाही. मूठभर माती उचलली की ती बोटांतून आपोआप सुटायची, आणि एका फावड्यात चार-पाच गांडुळं वळवळायची. आई त्या दिवशी चपला बांधावर काढून रानात हिंडून आली.

आता त्याच रानात मुद्दाम पाणी मारून रोलर फिरवणार होते. काळी माती ओली असताना दाबली की तिच्यातली हवा जाते आणि ती विटेसारखी घट्ट बसते. तेही एक वेळ काही वर्षांत निस्तरता येईल. मुरूम मात्र निस्तरता येत नाही. तो काळ्या मातीत एकदा मिसळला की जन्मभर खडे वेचत बसायचं.

साहेबांना मुरूम हवा होता तो धूळ उडू नये म्हणून. त्याच साहेबांचं गाणं गावात रिक्षावर दिवसभर वाजत होतं, त्यात ते 'मातीतला माणूस' होते. समोरच्या पक्षाच्या रिक्षावरही मातीतलाच माणूस होता, फक्त चाल वेगळी होती. तो समोरच्या पक्षाचा उमेदवार शेजारच्या गावात आला, तेव्हा गाडीतून उतरून वाकला, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि फोटो निघेपर्यंत तसाच थांबला. नंतर गाडीत बसता बसता त्याने ओल्या कागदी रुमालाने कपाळ पुसलं. कागद रस्त्यावर टाकला. मी बसची वाट बघत तिथेच उभी होते. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण शेजारी उभे असलेले सगळे त्याच्या गाडीला हात जोडत होते.

संध्याकाळी काका घरी आले. आईने चहा ठेवला. पप्पा खुर्चीच्या कडेवर बसले होते, पाहुण्यांच्या घरी बसावं तसे.

"पेरल्यावर आपण फळी मारतोच ना?" काका बशीत चहा ओतत म्हणाले. "रान दाबायलाच मारतो की न्हाई? मग रोलर म्हंजे काय, मोठी फळी समज."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"आन् काळं रान हाय ते. उन्हाळ्यात भेगा पडल्या की आपोआप मोकळं होतंय. आपल्या बापजाद्याला कुठं ताग माहीत व्हता?"

"मुरमाचं काय, दादा?" पप्पांनी विचारलं.

"उचलून नेतेत की ते लोकं. साहेबांचा शब्द हाय."

लाकडाची फळी बैल ओढतात. रोलरखाली बैल सापडला तर त्याची चटणी होईल. हे मला माहीत होतं, काकांनाही माहीत होतं. पण शेतकऱ्याला शेतीतलाच दाखला देऊन फसवायचा असतो, म्हणजे तो मान हलवतो. आणि पप्पांनी हलवलीच. ते ज्या शाळेत शिकवतात, ती संस्था साहेबांच्या नातेवाइकांची आहे. काकांनी तेवढं नाव काढायचंही राखून ठेवलं होतं, गरज पडली नाही.

"बघू," पप्पा म्हणाले.

पप्पांचं 'बघू' म्हणजे 'हो' असतं. आई मोरीत गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. मी आत जाऊन कॉलेजातलं सगळं मराठीत जुळवत बसले. मातीची पोकळी, मुळांचा श्वास, पाणी मुरणं. प्रत्येक वाक्य बातम्यांत वाचल्यासारखं होत होतं. काका असल्या वाक्यावर दोन मिनिटं हसले असते आणि पुढे महिनाभर पारावर सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मुरमाचा टिपर रस्त्यावर येऊन थांबला, त्याच्यामागे पाण्याचा टँकर आणि रोलर. उपरणीवाले सात-आठ जण होते. कामाला एकही नव्हता, सगळे व्हिडिओ काढत होते. पांढऱ्या बुटांवाल्याने आपली जीप बांधाच्या पलीकडे लावली होती, काकांच्या रानात. मी त्या जीपकडे बघत राहिले. एवढी जड गाडी रस्ता सोडून आत पार रानात गेली होती आणि मातीवर चाकाचा ठसासुद्धा उमटला नव्हता. काका दर वर्षी भुसकट जाळतात, पेरायची घाई म्हणून ओल्यातच ट्रॅक्टर घालतात आणि वरून पोत्यांनी पांढरं खत ओततात. या बांधापासून त्या बांधापर्यंत त्यांचं रान एखाद्या अंगणासारखं चोपून बसलं होतं.

टिपरवाल्याने खाली वाकून विचारलं, "कुठं ओतू? हिकडं का तिकडं?"

"आरं तिकडं न्हाई!" काका एकदम ओरडले. "तिकडं मला हरभरा पेरायचाय. मुरूम पडल्यावर पीक येतंय का, येड्या?"

हे त्यांनी सगळ्यांदेखत म्हटलं, पप्पांच्या शेजारी उभं राहून. कुणी हसलं नाही, कुणी काकांकडे वळूनही बघितलं नाही. एक जण टँकरसमोर अंगठा वर करून फोटो काढून घेत होता. पप्पा घसा खाकरून म्हणाले, "जरा कडेकडेनं टाकता आलं तर..." पण टिपर सुरू झाला होता आणि त्यांचं पुढचं त्यातच गेलं. आई पदराचं टोक हातात धरून रानाकडे बघत होती.

टिपर मागे मागे येत आमच्या बांधाला टेकला. मी तिथेच उभी होते. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी हलले नाही.

"मॅडम, सरका बाजूला," काका हसत म्हणाले. "तुमचं रान धन्य होऊन राहिलंय आज. साहेब उतरणार हायत त्याच्यावर."

उपरणीवाले हसले. पांढऱ्या बुटांवालाही हसला आणि घड्याळाकडे बघत म्हणाला, "ताई, लवकर करा, दुसरी जागा न्हाई आपल्याकडं."

जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी जीपकडे हात केला. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"काका, साहेबांना तुमच्या रानात उतरवा. तिथं रोलर नको अन् मुरूमही नको, तुम्ही त्याचा आधीच दगड करून ठेवलाय."