एक खात्रीची वायर

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा कथावाचन असतं. त्याचा माइक आणि स्पीकर मी सांभाळते. बाकीची सगळी पदं भरली होती आणि हे कोणाला पद वाटलं नाही, म्हणून माझ्याकडे आलं. निवृत्त शिक्षिकेला वायर गुंडाळता येईल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. इतरांना ती गुंडाळता येत नव्हतीच. ते ती तळहात ते कोपर अशी करकचून गुंडाळत, जणू कपड्यांची दोरी. मग पिनेजवळ आतली तार तुटते. बाहेरून वायर धडधाकट दिसते आणि भर कार्यक्रमात खरखरते.

म्हणून मी केबल टेस्टर घेतला. साबणाच्या वडीएवढी डबी. वायरीची दोन्ही टोकं तिच्यात खोचली की आतल्या प्रत्येक तारेमागे एक हिरवा दिवा लागतो. एवढ्यावर समाधान मानायचं नाही. पिनेजवळ वायर वाकवायची, हलवायची, जरा छळायची. संपर्क क्षणभर जरी तुटला तरी लाल दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. वर्गातही मी हेच करत असे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळेच नीट देतात.

डबी मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होते. चार्जिंग चालू असताना तपासणी करू नये, असं सोबतच्या कागदावर लिहिलं आहे. मी सूचना वाचते. सोसायटीतल्या लिफ्टजवळचे फलक पाहता हा छंद दुर्मिळ असावा.

गेल्या महिन्यातलं वाचन वरच्या मजल्यावरच्या सरांचं होतं. पूर्वी आमच्यात सगळ्यांत चांगलं तेच वाचत. मग घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाजाची कुजबुज उरली. आदल्या दिवशी ते दारात आले आणि म्हणाले, "बाई, एकदाच बघतो. शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं तर ठीक. नाही पोचलं, तर यापुढे मी श्रोता."

एवढं बोलून ते जिना चढून गेले. मी डबी चार्जिंगला लावली.

कार्यक्रमाच्या सकाळी सोसायटीच्या हॉलवर जाऊन बटण दाबलं, तर डबी मेलेली. कारण समजायला संशोधन लागलं नाही. आमच्या घरात झोपण्यापूर्वी भिंतीवरची सगळी बटणं बंद करत फिरणारा एक गृहस्थ आहे आणि त्याच्याशी माझं लग्न झालेलं आहे. फोन केला.

"अहो, स्वयंपाकघरातलं बटण बंद केलंत?"

"केलं की. नुसतंच चालू होतं."

"त्याला चार्जर लावला होता!"

"मग त्यावर चिठ्ठी लावायची."

पुणेरी नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा प्लग शोधणं सोपं. हॉलमध्ये मंचाजवळ स्पीकरचा सोडून एकच प्लग होता आणि त्यात दिव्यांची माळ होती. माळ फ्लेक्सभोवती, फ्लेक्सवर आमचे अध्यक्ष हसतमुख, आणि त्यांच्या कोटाच्या खिशाजवळ सरांचं नाव. मी माळ काढून चार्जर लावला.

"अहो वहिनी, फोटो अंधारात गेला ना!" अध्यक्ष धावत आले.

"सकाळचे दहा वाजलेत. उन्हात दिसताय."

"पण पाहुणे यायच्या आत..."

"पाहुणे ऐकायला येताहेत."

डबीत थोडी धुगधुगी आल्यावर चार्जर काढला आणि वायरी तपासायला बसले. पहिलीत एक दिवा लागलाच नाही. दुसरीचे सगळे दिवे लागले, मी आनंदले, पिनेजवळ वाकवली आणि लाल. तिसरी वाकवली, पिळली, झटकली. हिरवेच. तिला मनातल्या मनात पहिला वर्ग देऊन सरांच्या खुर्चीपुढच्या माइकला जोडली. माइक बसलेल्या माणसाच्या ओठांशी आणला आणि कुजबुज पोचेल इतका आवाज वाढवून ठेवला.

अध्यक्षांनी जाहीर केलं, "प्रास्ताविक मी याच माइकवरून करतो."

मला त्यांची पद्धत ठाऊक होती. आधी फुंकर, मग टिचक्या, मग माइक उपटून हातात आणि वायर मनगटाभोवती.

"याला हात लावू नका. हा सरांच्या आवाजाला लावलाय. आपण बोललात तर काचा फुटतील."

"मग दुसरी वायर द्या."

"खात्रीची एकच आहे."

"म्हणजे अध्यक्षाने माइकशिवाय बोलायचं?"

"आपला आवाज मुळात खणखणीत. आपल्याला माइक म्हणजे अपमान."

ते थोडे फुलले. मग विचारात पडले. पण तोवर लोक येऊन बसले होते. ते माइकशिवाय बोलले आणि दुसऱ्या मिनिटाला घसा बसल्यावर थांबले. आमच्या हॉलमध्ये इतकं नेटकं प्रास्ताविक मी ऐकलेलं नाही.

सर खुर्चीत बसले. मी शेवटच्या रांगेमागे उभी राहिले. पहिलं वाक्य आलं. आवाज तोच, फाटका, पण अगदी शेजारी बसून कोणी सांगावं तसा. मध्ये घेतलेला श्वास ऐकू येत होता. खरखर नाही, शिट्टी नाही. गोष्ट एका कंजूष मामाची होती. मामा शेजाऱ्याच्या घड्याळात वेळ बघायला जातो तिथे हशा पिकला आणि तो आधी शेवटच्या रांगेतून उठला.

सरांनी मान वर करून त्या रांगेकडे पाहिलं. त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तो शाळेच्या निकालांनीही कधी दिला नव्हता, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

ठरल्याप्रमाणे दोन पानांनंतर ते थांबायचे होते. ते थांबले. माइकमध्ये म्हणाले, "पुढचं वाचू?"

अध्यक्ष घड्याळ बघू लागले. शेवटच्या रांगेतल्या एक आजी ओरडल्या, "विचारताय काय? मामाचं काय झालं?"

सरांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि पान उलटलं.